अवर्णित फळमाशी-प्रथिनाचे विकरकार्य : अनुमान कुठवर न्यावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. आरएनएआय स्क्रीनमधून, म्हणजे जनुके एकेक करून दाबून परिणाम पाहणाऱ्या चाळणीतून, तुमच्या हाती फळमाशीचे, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टरचे, एक जनुक लागले आहे. त्याला अजून नाव नाही, नुसता सीजी क्रमांक आहे. फ्लायबेस या फळमाशीच्या डेटाबेसवर त्याच्यापुढे ‘हायड्रोलेज क्रिया (पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणे), अनुमानित’ एवढीच नोंद आहे, युनिप्रॉट आणि इंटरप्रो हे प्रथिनांचे डेटाबेसही तेच सांगतात, ब्लास्ट या अनुक्रम जुळवणाऱ्या कार्यक्रमात बुरशीच्या एका परिचित विकराशी (एन्झाइमशी) सुमारे ३० टक्के साम्य दिसते आणि अल्फाफोल्ड या संरचना वर्तवणाऱ्या कार्यक्रमाची प्रतिकृती चांगल्या विश्वासांकाची आहे. एवढ्या आधारावर प्रबंधात ‘हे प्रथिन अमुक विकर आहे’ असे लिहावे का, आणि नसेल तर आणखी कोणता पुरावा लागेल, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी देतो. हे प्रथिन कोणत्या जातीची रासायनिक क्रिया घडवत असावे, हे तुम्ही आज बऱ्यापैकी विश्वासाने लिहू शकता. ते कोणत्या पदार्थावर काम करते, हे मात्र आजच्या पुराव्यावर लिहिता येणार नाही. अनुक्रम आणि संरचना यांतून क्रियेची रीत कळते. सबस्ट्रेट, म्हणजे विकर ज्यावर काम करते तो पदार्थ, बहुतेक वेळा ऊती, चयापचयातील शेजारी आणि उत्परिवर्तित माशी यांच्याकडून कळतो, आणि दोन्हींवर शिक्कामोर्तब परीक्षानळीतच होते. तुम्ही जनुकाचा क्रमांक कळवलेला नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणाशी फार जुळणारे एक जुने प्रकरण उदाहरणादाखल घेतो. ते टॅन या जनुकाचे आहे, आणि २००५ पर्यंत तेही सीजी१२१२० या क्रमांकाचे एक अवर्णित प्रथिनच होते.

त्याआधी तुमच्या पुराव्यांबद्दल एक खुलासा हवा. फ्लायबेस, युनिप्रॉट आणि इंटरप्रो या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसली म्हणून ते तीन पुरावे होत नाहीत. बहुतेक वेळा प्रथिनाचा एखादा भाग एका डोमेनच्या (ठरावीक घडीच्या भागाच्या) सांख्यिकी प्रतिमानाशी जुळतो, त्या डोमेनला जोडलेली जीन ऑन्टॉलॉजी या कार्य-शब्दसूचीतील संज्ञा संगणक आपोआप प्रथिनाला चिकटवतो आणि तीच नोंद पुढे सगळीकडे झिरपते. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारचा पुरावा-संकेत वाचायची सवय लावा. ‘आयईए’ म्हणजे माणसाने न तपासलेली संगणकीय नोंद. ‘आयबीए’ म्हणजे कुळाचा वंशवृक्ष पाहून पूर्वजाच्या गुणावरून काढलेले अनुमान. ते अधिक वजनाचे असते, तरी अनुमानच. ‘आयएमपी’ म्हणजे उत्परिवर्तनाच्या परिणामावरून आणि ‘आयडीए’ म्हणजे थेट चाचणीवरून केलेली नोंद. तुमच्या जनुकापुढे फक्त ‘आयईए’ असेल, तर तुमच्यापाशी पुरावा एकच आहे आणि तो तीन जागी छापला गेला आहे.

आता साम्याच्या टक्क्यांकडे वळू. ब्लास्टचा ई-मूल्याचा आकडा कितीही लहान असला, तरी त्याचा अर्थ एवढाच की हे साम्य योगायोगाने आलेले नाही. दोन्ही प्रथिने एकाच पूर्वजापासून आली असावीत. कार्य तेच राहिले आहे, असे तो आकडा सांगत नाही. साधारण ४० टक्क्यांच्या खाली ईसी क्रमांकाचे, म्हणजे अभिक्रियेवरून विकराला दिलेल्या वर्गीकरण-क्रमांकाचे, चारही अंक जसेच्या तसे उचलणे धोक्याचे असते, आणि त्यातही सर्वांत आधी ढळतो तो सबस्ट्रेट सांगणारा चौथा अंक. शिवाय जुळणी प्रथिनाच्या किती लांबीवर आहे तेही पाहा. चारशे अमिनो आम्लांच्या प्रथिनात ऐंशींचाच पट्टा जुळत असेल, तर ती गोष्ट एका डोमेनची आहे, अख्ख्या विकराची नव्हे. जनुकाची सीमा बरोबर आखली आहे का, दोन जनुके चुकून एकत्र जोडली गेली नाहीत ना, कोणत्या आयसोफॉर्ममध्ये (एकाच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिन-प्रकारात) सक्रिय स्थान शाबूत आहे, हेही आरएनए-सीक्वेन्सिंगच्या वाचनांवरून याच टप्प्यावर तपासून घ्यावे. हे कंटाळवाणे काम अर्ध्या दिवसात होते आणि पुढचे वर्ष वाचवते.

टॅनमध्ये काय झाले ते आता पाहा. टॅन उत्परिवर्तित माश्या मॉर्गन यांच्या पिढीपासून प्रयोगशाळांत आहेत. त्यांचे अंग नेहमीपेक्षा फिके, पिवळसर असते. एबनी उत्परिवर्तित माश्यांचे अंग उलट काळे असते. डोळ्यांच्या विद्युत-प्रतिसादात मात्र दोघींचे दोष सारखेच आहेत : प्रकाश लावताच आणि मालवताच डोळ्याच्या विद्युत-आलेखात, म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राममध्ये, जी क्षणिक उसळी दिसायला हवी, ती दोघींतही हरवते. ही उसळी प्रकाशग्राही पेशीकडून पुढच्या चेतापेशीकडे संदेश पोहोचल्याची खूण असल्यामुळे, प्रकाश टिपला जातो पण संदेश पुढे जात नाही, एवढे त्यावरून कळत होते. २००५ मध्ये पी-एलिमेंट या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्याच्या दोन निविष्टी अशा सापडल्या, की ज्या जुन्या टॅन उत्परिवर्तनांची उणीव भरून काढत नव्हत्या, म्हणजे बिघाड त्याच जनुकात होता. दोन्ही सीजी१२१२०च्या सुरुवातीच्या अननुवादित भागात बसलेल्या होत्या आणि दोन्हींत त्या जनुकाचा आरएनए फार कमी होता. जनुक सापडले. त्याच्या प्रथिनाचे साम्य कशाशी निघाले, तर पेनिसिलियम बुरशीतील आयसोपेनिसिलिन-एन एन-ॲसिलट्रान्स्फरेजशी, म्हणजे पेनिसिलिन तयार करण्याची शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराशी!

संगणकाची नोंद इथे जशीच्या तशी स्वीकारली असती, तर ‘फळमाशीतील पेनिसिलिन-निर्माते विकर’ असे हास्यास्पद वाक्य तयार झाले असते. माशी पेनिसिलिन बनवत नाही. तरीही ते साम्य निरर्थक नव्हते, आणि मला या प्रकरणातील हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. बुरशीचे विकर दोन कामे करते : आयसोपेनिसिलिन-एनची अमिनोॲडिपिक आम्लाची बाजूची साखळी तोडते आणि तिच्या जागी फिनाइलॲसिटाइल गट जोडते. यातले पहिले काम म्हणजे अमाइड बंध तोडणे. फळमाशीच्या त्वचेत आणि डोळ्यात नेमका असाच एक बंध तोडला जायला हवा होता. एबनी विकर बीटा-ॲलनिन आणि डोपामाइन यांना अमाइड बंधाने जोडून एन-बीटा-ॲलनिल डोपामाइन, संक्षेपाने एनबीएडी, बनवते. त्याला परत तोडणारे कोणीतरी असणार, हे चयापचयाच्या नकाशावरून उघड होते, आणि टॅन माश्यांत ते तोडण्याची क्रिया उणी असल्याचेही माहीत होते. बुरशीच्या विकरातील अर्धी क्रिया टॅनमध्ये टिकून आहे, सबस्ट्रेट पार बदलला आहे. ईसी वर्गीकरणात तर पहिलाच अंक वेगळा पडतो. बुरशीचे विकर २.३.१.१६४, म्हणजे दुसऱ्या वर्गातील ट्रान्स्फरेज, आणि टॅन तिसऱ्या वर्गातील हायड्रोलेज. नाते शाबूत राहून वर्ग बदलू शकतो, कारण ते वर्गीकरण अभिक्रियेचे आहे, वंशाचे नव्हे. जाता जाता हेही नोंदवतो की एबनीचे साम्यही सूक्ष्मजीवांतील नॉन-रायबोसोमल पेप्टाइड सिंथेटेजांशी आहे, आणि पेनिसिलिनची पहिली पायरी करणारे विकर त्याच जातीचे असते. माशीच्या रंगाच्या दोन टोकांना उभी असलेली ही दोन विकरे प्रतिजैविकांच्या कारखान्यातील यंत्रांची दूरची नातलग आहेत.

क्रियेची रीत ठरवताना नुसत्या साम्यावर थांबू नका, सक्रिय स्थानावरचे अवशेष, म्हणजे साखळीतील अमिनो आम्ले, एकेक करून मोजा. टॅन आणि बुरशीचे विकर ही दोन्ही प्रथिने आधी एकाच लांब साखळीच्या रूपात बनतात आणि मग ग्लायसीन-सिस्टीन या जोडीच्या मधोमध स्वतःच चिरली जातात. चिरल्यानंतर दुसऱ्या तुकड्याच्या टोकाशी उघडे पडणारे सिस्टीन हेच हल्ला करणारे अवशेष असते. टॅनमध्ये ते १२२ क्रमांकाचे आहे. ही जोडी टॅनमध्ये टिकली आहे, हे अनुक्रमात पाहताच ‘स्वतःला चिरणारे सिस्टीन-हायड्रोलेज’ हे गृहीतक मांडता येत होते, आणि प्रथिने आकारानुसार दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर पूर्ण साखळीऐवजी दोन लहान पट्टे दिसावेत, असे भाकीतही करता येत होते. अनुमान असे असावे की त्यातून पुढचा प्रयोग आपोआप सुचेल.

याच्या उलट उदाहरणांचीही फळमाशीत कमतरता नाही. इमॅजिनल डिस्क ग्रोथ फॅक्टर (आयडीजीएफ) म्हणून ओळखली जाणारी प्रथिने कायटिन तोडणाऱ्या कायटिनेजच्या कुळातली आहेत, घडीही तीच आहे. पण कायटिनेजमध्ये प्रोटॉन देणारे जे ग्लुटामेट लागते, त्याच्या जागी आयडीजीएफ-२मध्ये ग्लुटामिन आहे, आणि ही प्रथिने कायटिन तोडत नाहीत. न्यूरोटॅक्टिन आणि ग्लायोटॅक्टिन यांचे बाह्य डोमेन कोलिनएस्टरेजसारखे आहे, पण त्यांत उत्प्रेरक सेरीन नाही. ती पेशींना पेशींशी जोडण्याच्या कामी आली आहेत. डोमेन-शोधाचा कार्यक्रम या सगळ्यांना बिनदिक्कत ‘हायड्रोलेज’ म्हणेल. अवशेष हरवलेला दिसला तरी एक सावधगिरी बाळगावी लागते : डब्ल्यूएनके किनेजांमध्ये (फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांमध्ये) नेहमीच्या जागचे लायसीन नाही, तरीही ती सक्रिय आहेत, कारण शेजारच्या पट्टीवरचे दुसरे लायसीन ते काम करते. म्हणून अवशेषाची नोंद अनुक्रमाच्या जुळणीत करा आणि खात्री संरचनेत करा.

इथे अल्फाफोल्ड खरोखर उपयोगी पडतो, पण त्याच्याकडून काय मागायचे ते ठरवून घ्यावे. पीएलडीडीटी हा त्याचा विश्वासांक. तो नव्वदच्या वर असणे म्हणजे त्या भागातील अणूंची मांडणी बहुधा बरोबर आहे. पन्नासच्या खालचा भाग बहुधा अव्यवस्थित असतो. हा आकडा कार्याबद्दल काहीच बोलत नाही. डेटाबेसमधील प्रतिकृती रिकामी असते. तिच्यात झिंक नसते, एनएडीसारखे सहविकर नसते, आणि स्वतःला चिरणारे प्रथिन असेल तर ते न चिरलेल्या अवस्थेत दाखवलेले असते. फोल्डसीक या संरचना-शोधक कार्यक्रमाने घडीचे नातलग शोधा, त्यांच्यापैकी ज्याची स्फटिक-संरचना सबस्ट्रेटसह उपलब्ध आहे त्यावर तुमची प्रतिकृती बसवा आणि उत्प्रेरक अवशेष अंतर व दिशा राखून जागेवर येतात का, ते पाहा. खळगीचा आकार आणि विद्युतभार यांवरून काही सबस्ट्रेट बाद करता येतात. डॉकिंगच्या, म्हणजे पदार्थ खळगीत संगणकावर बसवून पाहण्याच्या, गुणांवरून सबस्ट्रेट निवडायचा मोह मात्र टाळा. त्या यादीतील पहिल्या क्रमांकावर मी कधीच पैज लावणार नाही.

ऑर्थोलॉगचे, म्हणजे दुसऱ्या प्रजातीतील समवंशी जनुकाचे, नाते तपासताना हे लक्षात असू द्या की मानवी विकराचे काम माशीत वेगळ्याच कुळातील प्रथिन करत असू शकते. अल्कोहोल डीहायड्रोजनेज हे याचे ठळक उदाहरण : मानवाचे झिंक वापरणारे मध्यम साखळीचे, फळमाशीचे झिंक नसलेले लघुसाखळी कुळातील; काम एक, वंश दोन. उलट सायटोक्रोम पी-४५०, ग्लुटाथायोन ट्रान्स्फरेज, कार्बोक्सिलएस्टरेज ही कुळे कीटकांत इतकी फोफावली आहेत की त्यांतील एखाद्या सदस्याचे कार्य कुळाच्या नावावरून सांगणे जवळपास अशक्य असते. फळमाशीत पी-४५०ची जनुके ऐंशीहून अधिक आहेत. तुमचे प्रथिन अशा फोफावलेल्या कुळातले असेल तर वंशवृक्ष काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या गर्दीतूनही सबस्ट्रेट शोधता येतो, हे हॅलोवीन जनुकांनी दाखवले. फँटम, डिसएम्बॉडीड, शॅडो आणि शेड ही चारही पी-४५० आहेत. अनुक्रमावरून ‘ऑक्सिजन घालणारे विकर’ यापलीकडे काही सांगता येत नव्हते. पण ही जनुके निकामी झालेले भ्रूण एक्डायसोन या स्टेरॉइड संप्रेरकाच्या अभावी मरत, आणि पहिली तीन जनुके अळीच्या प्रोथोरॅसिक ग्रंथीत, म्हणजे एक्डायसोन जिथे बनते तिथेच, व्यक्त होत होती. शेड मात्र त्या ग्रंथीत नव्हे, चरबी-पिंडासारख्या बाहेरच्या ऊतींत सापडले. एक्डायसोनचे २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन तिथेच होते, त्यामुळे ही विसंगतीच त्याच्या कार्याची खूण ठरली. मग प्रत्येक जनुक एस-२ या फळमाशीच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालून, त्या पेशींना स्टेरॉइडचा पूर्वपदार्थ देऊन, कोणत्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसतो ते पाहिले गेले : फँटम २५व्या, डिसएम्बॉडीड २२व्या, शॅडो दुसऱ्या आणि शेड विसाव्या.

टॅनमध्येही ऊतीनेच दुसरा सबस्ट्रेट उघड केला. प्रकाशग्राही पेशी हिस्टामाइन सोडते. शेजारची ग्लिया (चेतापेशींना आधार देणारी पेशी) ते उचलते आणि तिथले एबनी त्याला बीटा-ॲलनिन जोडून कार्सिनिन बनवते. कार्सिनिन प्रकाशग्राही पेशीत परततो आणि तिथे टॅन त्याला तोडून हिस्टामाइन मोकळे करते. एबनी ग्लियात आणि टॅन प्रकाशग्राही पेशीत, ही वाटणी पाहिली की सुरुवातीचे कोडे सुटते. त्वचेत डोपामाइन आणि एनबीएडी यांच्या तोलावर रंग ठरतो, म्हणून दोन उलट विकरांच्या अभावाचे परिणाम उलट. डोळ्यात मात्र ते एक चक्र आहे आणि चक्र कुठेही तुटले तरी हिस्टामाइन परत मिळत नाही, म्हणून परिणाम सारखा. टॅन माशीच्या डोक्यात कार्सिनिन साठते आणि हिस्टामाइन घटते. साठलेला पदार्थ हा सबस्ट्रेटचा सर्वांत बोलका साक्षीदार असतो, आणि तुमच्या प्रकरणात अजून नेमका तोच नाही.

म्हणून खर्चाच्या क्रमाने पुढचे काम सुचवतो. फ्लायॲटलस आणि फ्लाय सेल ॲटलास या जनुक-व्यक्तीच्या नोंदींमध्ये तुमचे जनुक कोणत्या पेशींत, कोणासोबत व्यक्त होते ते पाहा. सिग्नल पेप्टाइड किंवा मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता आहे का ते तपासा. आरएनएआयची एकच लाइन पुरेशी नाही. त्या जनुकाची क्रिमिक निविष्टी, म्हणजे क्रिस्परने जनुकात बसवलेला तयार डीएनए-तुकडा, ब्लूमिंग्टनच्या माशी-संग्रहात असेल तर मागवा, नसेल तर क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने उत्परिवर्तन करून घ्या. बंगळुरूला एनसीबीएसच्या आवारातील फ्लाय फॅसिलिटीकडून भ्रूण-इंजेक्शनचे काम करून घेता येते. क्रिमिकचा दुहेरी फायदा असा की ती सहसा प्रथिन अर्धवट तोडते आणि जनुकाच्याच पेशींत गॅल-४, म्हणजे हवे ते जनुक चालू करणारे प्रथिन, व्यक्त करते, त्यामुळे त्याच माशीत मूळ प्रथिन किंवा उत्प्रेरक अवशेष बदललेले प्रथिन परत घालून तुलना करता येते. मूळ प्रथिनाने दोष भरून निघाला आणि निष्क्रिय केलेल्याने निघाला नाही, तर विकरक्रिया त्या दोषाशी निगडित आहे, हे प्रथमच ठामपणे म्हणता येईल.

मेटाबोलोमिक्ससाठी, म्हणजे ऊतीतील लहान रेणूंच्या मोजणीसाठी, अख्खी माशी वाटू नका. जनुक मोजक्या पेशींत व्यक्त होत असेल तर फरक अंड्यांच्या आणि आतड्याच्या ढिगाऱ्यात बुडून जातो. डोकी हवी असतील तर माश्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नळी जोराने हलवा आणि थंडगार चाळण्यांतून काढा : ७१० मायक्रॉनच्या जाळीवर धड अडकते, ४२५च्या जाळीवर डोकी राहतात, पाय आणि पंखांचे तुकडे खाली जातात. दोन्ही गटांची जनुकीय पार्श्वभूमी, वय, लिंग आणि अन्नाची खेप एकच ठेवा. यीस्टची खेप बदलली तरी मोजणीच्या आलेखातील शेकडो शिखरे हलतात. तुलनेसाठी जंगली वाणापेक्षा दोष भरून काढलेली माशी अधिक विश्वासाची.

परीक्षानळीतल्या चाचणीत लोक सर्वाधिक फसतात ते पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेटपाशी. द्रावण पिवळे झाले की ‘एस्टरेज सिद्ध’ असे लिहिले जाते. पण हा एस्टर सीरम अल्ब्युमिनही तोडते, आणि त्याला कोणी विकर म्हणून नोंदवत नाही. ई. कोलायमधून शुद्ध केलेल्या प्रथिनासोबत त्या जिवाणूचे विकर चिकटून येण्याची शक्यताही असते. म्हणून उत्प्रेरक अवशेष बदललेले प्रथिन त्याच पद्धतीने, त्याच दिवशी शुद्ध करून शेजारी ठेवा, आणि सबस्ट्रेटची संहती माशीच्या ऊतीत शक्य असलेल्या मर्यादेत घ्या. मग एकापेक्षा अधिक उमेदवारांची केकॅट भागिले केएम, म्हणजे विकराची कार्यक्षमता सांगणारी, गुणोत्तरे तुलनेला ठेवता येतात.

आजच्या पुराव्यावर प्रबंधात एवढे लिहावे : ‘या प्रथिनाचे डोमेन अमुक हायड्रोलेज कुळाशी जुळते, त्या कुळाचे उत्प्रेरक अवशेष त्यात टिकून आहेत आणि प्रतिकृतीत ते योग्य अंतरावर येतात, म्हणून ते सक्रिय हायड्रोलेज असण्याची शक्यता आहे. त्याचा सबस्ट्रेट अज्ञात आहे.’ अवशेषांची तपासणी अजून केली नसेल तर दुसरे आणि तिसरे उपवाक्य गाळावे. बुरशीच्या विकराचे नाव फक्त साम्याच्या कोष्टकात, टक्केवारी आणि जुळणीच्या लांबीसह द्यावे. शीर्षकात किंवा सारांशात ते येऊ देऊ नये, कारण पुढचा वाचक आणि पुढचा संगणकीय कार्यक्रम ते तिथूनच उचलतात.